घरचा कॉम्प्युटर जोडून घ्यायचाय? इंदुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी पोहे खाऊन होतात न होतात तोच सुदामानगरातल्या आमच्या घरी कुणीतरी कागद घेऊन येतं. कागदावर दुकानदाराने खरडलेलं कोटेशन असतं आणि तळाशी आकडा. "ताई, हे बरोबर आहे का, जरा बघ ना." शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकवीस वर्षं काढली, त्यात किती मशीन उघडली आणि किती बंद केली याचा हिशेब ठेवलेला नाही. लोक मात्र तेच ते विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. किमती मुद्दाम टाकल्या नाहीत. त्या आठवड्याला बदलतात.

जोडून घ्यावा, कंपनीचा तयार घ्यावा, की सरळ लॅपटॉप?

मूल शिकायला पुण्याला किंवा भोपाळला जाणार असेल तर लॅपटॉप घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

घरातल्या एकाच टेबलावर तीन-चार माणसं आळीपाळीने बसणार असतील तर जोडलेलं मशीन घ्या. त्यातली रॅमची (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीची) पट्टी सहा वर्षांनी गेली तर पट्टीच बदलावी लागते, अख्खं मशीन नाही. कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा बोर्ड (सगळे भाग ज्याला जोडतात तो मदरबोर्ड) आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) त्या कंपनीच्याच मापाचे असतात, वॉरंटी संपल्यावर बाजारातला दुसरा बसत नाही. जोडलेल्या मशीनचा प्रत्येक भाग ठरलेल्या मापाचा असतो आणि सुटा मिळतो.

दुकानात जाण्याआधी घरी काय ठरवावं?

घरातलं सगळ्यात जड काम कोणतं, ते. काकांना टॅली, काकूंना यूट्यूब आणि मुलाला व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर मशीन मुलाच्या कामावरून ठरतं, बाकीच्यांचं त्यात आपोआप भागतं. तीनपैकी कुणालाच जड काम नसेल तर तसं स्वतःशी मान्य करा. बारावीपर्यंतचा अभ्यास, ऑनलाइन वर्ग, ऑफिसची पत्रं, बँकेची कामं आणि सुरुवातीचं कोडिंग यांना साधं मशीन उत्तम चालतं.

दुसरं, मशीन कुठे राहणार. तिथला प्लग तीन पिनचा आहे का, त्याला अर्थिंग खरंच आहे का, खिडकीतून धूळ येते का, हे आधी बघा.

तिसरं, बजेट एकूण सांगा. "चाळीसात बसव" म्हणणाऱ्या दहांपैकी आठ जणांनी त्यात मॉनिटर आणि यूपीएस धरलेलेच नसतात. मग शेवटी यूपीएस "पुढच्या महिन्यात" घेऊ म्हणतात आणि तो महिना पावसाळ्याचा निघतो.

कोटेशन कसं वाचावं?

खालून वर. वरच्या ओळीत प्रोसेसर असतो, नाव ठळक, सोबत जनरेशन. त्याची किंमत तुम्ही फोनवर ताडून पाहणार हे दुकानदाराला माहीत असतं, म्हणून तिथे तो फारसा मार्जिन ठेवत नाही. खाली खाली येताना नावं अस्पष्ट होत जातात: "रॅम १६ जीबी", "एसएसडी ५१२" (फाइली साठवणारी चिपची डिस्क), आणि सगळ्यात शेवटी "कॅबिनेट विथ एसएमपीएस". मी तीच ओळ पहिली वाचते. पुढची उत्तरंही त्याच क्रमाने लिहिली आहेत.

"कॅबिनेट विथ एसएमपीएस" यात वाईट काय?

त्या ओळीत एसएमपीएसला नाव नसतं. स्टिकरवर ४५० वॉट छापलेले असतात, हातात घेतला की डबा पोकळ वाटावा इतका हलका. विजेतला कचरा गाळणारे भाग आत लावलेलेच नसतात, आणि व्होल्टेज हाताबाहेर गेलं तर स्वतःला बंद करून घेण्याची सोय भरवशाची नसते.

एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. मशीनमधल्या प्रत्येक भागाला तो जोडलेला असतो. म्हणून तो वाईट रीतीने गेला तर एकटा जात नाही.

ही आमच्याच घरातली गोष्ट. २०१३ साली मामेभावाच्या मशीनमध्ये कॅबिनेटसोबत फुकट आलेला असा डबा होता. जुलैतल्या एका संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा फट्ट आवाज झाला. बोर्ड जळला, हार्ड डिस्कचं सर्किट जळलं. बोर्ड नवा आणला. डिस्कवर आमच्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, मामेभावाने उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून रेकॉर्ड केलेल्या. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती, आणि आजीही तोवर राहिली नव्हती. म्हणून मी या एका ओळीवर भांडते. दुकानदार "चल जाएगा" म्हणतो तेव्हाही भांडते.

मग एसएमपीएस किती वॉटचा आणि कसा ओळखायचा?

६५ वॉटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर जोर लावला की ९० च्या आसपास घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ४०-५० धरा. म्हणजे ग्राफिक्स कार्ड (चित्रं, व्हिडिओ आणि गेम सांभाळणारं वेगळं कार्ड) नसलेलं मशीन भरधाव असतानाही दीडशे वॉटच्या आतच राहतं. त्याला नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला. आरटीएक्स ४०६० सारखं ११५ वॉटचं कार्ड लावणार असाल तर ५५० चा घ्या. जास्त वॉटच्या एसएमपीएसने बिल वाढत नाही, मशीन जेवढी ओढते तेवढीच वीज जाते.

दुकानात उभ्या उभ्या करायची एक परीक्षा आहे. स्टिकरवरच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. चांगल्या ४५० वॉटच्या डब्यावर तिथे ३६-३७ अँपिअर असतात, म्हणजे जवळपास पूर्ण ४५०. मामेभावाकडच्या डब्यावर १६ होते. १६ गुणिले १२, १९२ वॉट.

'८० प्लस'ची खूण असलेला घ्यावा. तिचा अर्थ असा, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर भिंतीतून घेतलेल्या विजेतली निदान ८० टक्के आतल्या भागांपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. ब्राँझ, गोल्ड या त्यावरच्या पायऱ्या. ही खूण कार्यक्षमतेची आहे, मजबुतीची हमी नव्हे. म्हणून सोबत वॉरंटीही बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणारा कारखाना आत काय घातलंय ते जाणून असतो. घरच्या मशीनला ब्राँझ पुरतो.

आमच्याकडे वीज खाली-वर होते. यूपीएस घ्यावा, स्टॅबिलायझर की इन्व्हर्टरवरच लावावं?

यूपीएस घ्या. नुसत्या स्टॅबिलायझरने काम भागत नाही: वीज गेली की मशीन बंद, आणि एसएसडीवर काही लिहिलं जात असताना बंद झालं तर फाइल बिघडू शकते.

यूपीएसवर लिहिलेला आकडा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असतो, वॉटचा नसतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच झेपवतो. ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन आणि २४ इंची मॉनिटर मिळून रोजच्या कामात शंभर वॉटच्या आसपास जातात, त्यावर हा यूपीएस पंधरा-वीस मिनिटं सहज काढतो. फाइल जतन करून नीट बंद करायला तेवढं पुष्कळ आहे. खेळायचं मशीन असेल तर १००० किंवा ११०० व्हीए. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हा खर्च आत्ताच डोक्यात ठेवा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, बॅटरीवाले ती परत घेतात आणि पैसेही वळते करतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघा. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात. पंखा-दिवा त्यावर चालतो, पंखा थोडा घुरघुरतो इतकंच. नव्या एसएमपीएसमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह पीएफसी' नावाचं सर्किट असतं, त्याला चौकोनी लहर मानवत नाही. कधी तो गुणगुणतो, कधी सरळ बंद पडतो. दुसरी अडचण वेळेची. चांगला एसएमपीएस विजेशिवाय पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर त्याहून उशिरा पालटला तर मशीन रीस्टार्ट होतं. बऱ्याच इन्व्हर्टरवर मागे 'यूपीएस मोड'चं बटण असतं, तिथे पालट लवकर होते. ते बटण आपल्याकडे कुठल्या बाजूला आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं, असा माझा अनुभव आहे.

पावसाळ्यात विजा कडकडायला लागल्या की प्लग काढा. यूपीएस असला तरी काढा. ब्रॉडबँडची तार तांब्याची असेल तर तीही काढा, वीज त्या वाटेनेही आत येते. फायबर असेल तर त्या तारेची भीती नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे, घराचं अर्थिंग नाही. रामबाग आणि जुन्या इंदुरातल्या कितीतरी वाड्यांमध्ये तीन पिनचा प्लग लावलाय, पण तिसऱ्या भोकामागे तारच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे दोन कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीला पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तिथली किंचित गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो आणि तुमच्या बोटातून वाट काढतो. करंट अगदी थोडा असतो, तरी यूएसबीची आणि मॉनिटरची तोंडं यातून खराब होऊ शकतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टहून जास्त दिसलं तर आधी ते दुरुस्त करा, मग मशीन आणा.

कॅबिनेट कोणतं? काचेचं छान दिसतं.

समोर जाळी असलेलं घ्या. बाजूला काच असू दे, समोर नको. मे महिन्यात इंदूर ४० च्या वर जातं आणि दुपारी बंद खोलीतही ३५-३६ असतं. पंखा हवा खोलीतलीच आत घेतो, म्हणजे आतल्या भागांचं तापमान तिथूनच वर चढायला लागतं. समोर काच असेल तर पंख्याला ओढायला हवाच नाही. समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, ही मांडणी मला आवडते. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ कमी शिरते. समोरची गाळणी ओढून काढता येते का ते दुकानातच करून बघा. दर महिन्याला स्क्रू काढावे लागणार असतील तर ती कुणीही धूत नाही.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, झाडूचा सगळा केर तिथेच जातो. टेबलाच्या बंद कप्प्यातही नको.

लिक्विड कूलर हवा का?

६५ वॉटच्या प्रोसेसरला नको. प्रोसेसरच्या डब्यात आलेला पंखा चालतो, आवाज खटकला तर एक साधा टॉवर कूलर लावा.

एसएसडी किती, आणि हार्ड डिस्क लावायची का?

विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम एसएसडीवर हवेत, याला अपवाद नाही. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते, साधी साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी साडेपाचशे, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) तिसऱ्या पिढीची साडेतीन हजारांच्या आसपास, चौथ्या पिढीची सात हजारांपर्यंत. डिस्कवरून एसएसडीवर आलात की फरक पहिल्याच मिनिटाला कळतो. तिसरी पिढी सोडून चौथीवर गेलात तर रोजच्या कामात तो शोधावा लागतो, म्हणून तिथे पैसे घालण्यापेक्षा जागा वाढवा. ५०० जीबी किमान, १ टीबी समाधानाची.

बोर्डवर चपटी बसणारी एसएसडी एम.२ मापाची असते, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० लांब. त्याच मापात साटाचीही मिळते, दिसायला जुळी बहीण. बिलावर 'एनव्हीएमई' शब्द आणि मॉडेल नंबर लिहून घ्या.

फोटो आणि रेकॉर्डिंगसाठी हार्ड डिस्क अजून स्वस्त पडते. ती मशीनच्या आत लावण्याऐवजी बाहेरची घ्या, प्रत काढा, डिस्क काढून कपाटात ठेवा. मामेभावाकडे ती असती तर ओव्या आज असत्या.

१ टीबी घेतली, विंडोज ९३१ जीबी दाखवतं. फसवलं का?

नाही. कारखाना हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. जागा तेवढीच आहे.

रॅम ८ चालेल का? एक पट्टी की दोन?

नव्या मशीनला १६. ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या आणि एक व्हिडिओ कॉल एवढ्यात ८ भरून जाते. व्हिडिओ एडिटिंग किंवा आर्किटेक्चरचं काम असेल तर ३२.

ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर ८ च्या दोन पट्ट्या, एकच १६ ची नको. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. दोन पट्ट्यांनी रस्ता दुप्पट रुंद होतो आणि चित्र लक्षात येण्याइतकं सुधारतं. बोर्डवर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. दुकानातून आलेल्या कितीतरी मशीनमध्ये मी पट्ट्या शेजारीशेजारी बसवलेल्या पाहिल्यात.

आणि एक. पट्टीवर ६००० हा वेग लिहिलाय म्हणून ती ६००० ला धावत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) जाऊन इंटेलच्या बोर्डवर 'एक्सएमपी', एएमडीच्या बोर्डवर 'एक्सपो' सुरू करावं लागतं. ते न करता वर्षानुवर्षं मशीन वापरणारे लोक आहेत.

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरनी कारखान्यांचा माल ओढून घेतला. भाव चढे असताना ३२ चा हट्ट सोडा, १६ वर काम सुरू करा.

डीडीआर ४ घ्यावी की ५? आणि बोर्ड कसा निवडायचा?

डीडीआर ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्या. पण हा प्रश्न एकट्या रॅमचा नाही, प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांच्या जुळण्याचा आहे. डीडीआर ४ आणि ५ च्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसरीच्या बोर्डात बसतच नाही.

एएमडीचं एएम ४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) डीडीआर ४ घेतं, २०२२ मध्ये आलेलं एएम ५ फक्त डीडीआर ५. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं. तिथे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, म्हणून कोटेशनवर बोर्डाचं पूर्ण नाव हवंच. २०२४ च्या शेवटी आलेलं एलजीए १८५१ पुन्हा फक्त डीडीआर ५. पुढे याच बोर्डावर नवा प्रोसेसर चढवायचा विचार असेल तर माझं मत एएम ५ ला. त्या सॉकेटला २०२७ आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. एलजीए १७०० ला नव्या पिढ्या येणं थांबलंय. पण हातात जुन्या डीडीआर ४ च्या चांगल्या पट्ट्या असतील आणि रॅम महाग असेल, तर एलजीए १७०० चा डीडीआर ४ बोर्ड घेणं शहाणपणाचं आहे, मी स्वतः भाचीला तोच घेऊन दिला.

बोर्डात बघायचं ते असं: एम.२ च्या खाचा किती, रॅमच्या खाचा किती, मागे यूएसबी किती, वायफाय आहे का. एच ६१० सारख्या सगळ्यात स्वस्त बोर्डात रॅमला दोनच खाचा असतात. घरच्या मशीनला त्याही चालतात. मात्र त्यावर जड, १२५ वॉटचा प्रोसेसर बसवू नका, प्रोसेसरभोवतीचे वीज पुरवणारे भाग तापून वेग उतरतो.

आय ३, आय ५, रायझन ५, मागे एफ, के, जी... काय समजायचं?

आय ३, आय ५ ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं, रायझन एएमडीच्या. मागच्या अक्षराकडे आधी लक्ष द्या. इंटेलचा 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड न लावल्यास स्क्रीनवर काहीच येणार नाही. कार्ड घेणार नसताना स्वस्त पडतो म्हणून 'एफ' माथी मारलेले दोन जण गेल्या वर्षी माझ्याकडे आले. 'के' म्हणजे वेग वाढवण्यासाठी मोकळा सोडलेला, डब्यात पंखा नसतो, घरी नको. एएमडीचा 'जी' म्हणजे आतलं ग्राफिक्स जोरकस.

कार्डाशिवायच्या घरगुती मशीनला आय ३-१२१०० सुद्धा चांगला, चार कोअर (एकाच वेळी काम करणारे आतले विभाग) आहेत. आय ५-१२४०० किंवा रायझन ५ ५६००जी, दोन्ही सहा कोअरचे, आठ वर्षांचा विचार करून घ्यायला योग्य. एएम ५ वर जायचं तर रायझन ५ ७६००. त्यात थोडं ग्राफिक्स आहे आणि डब्यात पंखाही येतो.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला इंटेल कुणी स्वस्तात देत असेल तर एक ध्यानात असू द्या. त्यातल्या काहींना व्होल्टेजचा दोष होता, तो इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवं बायोस टाकलेलं आहे का ते पहिल्या दिवशी तपासा. आधी कुणी वर्षभर तापवलेला वापरलेला पीस घेऊ नका, झालेली झीज बायोसने भरून येत नाही.

ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

अभ्यास, ऑफिस, चित्रपट, कोडिंग: नाही लागत. आर्किटेक्चर, थ्रीडी, गंभीर व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम: लागतं, आणि मग ८ जीबीच्या खालचं नको. "थोडं तरी असू दे" म्हणून जीटी ७१० किंवा ७३० घेऊ नका. ५६००जीच्या आतलं ग्राफिक्स त्यांच्या खूप पुढे आहे.

वापरलेलं कार्ड घेताना विक्रेत्यासमोर ते मशीनमध्ये लावून जीपीयू-झेड चालवा. जुन्या कार्डाचं बायोस बदलून त्याला नव्याचं नाव देणारे लोक आहेत, हा प्रोग्रॅम बहुतेकदा त्यांना पकडतो. आणि कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, कॅबिनेटच्या खोक्यावरही ती मर्यादा छापलेली असते.

मॉनिटर?

२४ इंच, फुल एचडी, आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा). उंची कमीजास्त करता येणारा स्टँड मिळाला तर थोडे जास्त द्या, शाळकरी मूल आणि आजोबा एकाच स्क्रीनसमोर बसणार आहेत.

सिल्व्हर मॉलमधून घ्यावं की ऑनलाइन?

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये एक चक्कर मारली की चार दुकानांची कोटेशन तासाभरात हातात येतात. मी एसएमपीएस, बोर्ड आणि मॉनिटर दुकानातूनच घेते, कारण बिघाड झाला तर डबा घेऊन समोर उभं राहता येतं. रॅम आणि एसएसडी जिथे स्वस्त तिथून. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच आहे, दुसऱ्या राज्यातून मागवलं म्हणून कर बदलत नाही.

पक्कं बिल घ्याच. कच्च्या बिलावर सोडलेले पैसे वॉरंटीच्या दिवशी दामदुपटीने जातात. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. प्रोसेसर 'बॉक्स पीस' (कंपनीच्या खोक्यातला) आहे की 'ट्रे पीस' (सुटा) हे विचारा: बॉक्सवर भारतात कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवर फक्त दुकानदाराचा शब्द. "भिया, मैं हूँ ना" हे वाक्य बिलावर छापता येत नाही. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

ऑफिसमधून निघालेलं जुनं मशीन स्वस्तात मिळतंय.

कोणत्या पिढीचं आहे ते विचारा. विंडोज १० चा सपोर्ट (नियमित अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका, किंवा त्यापुढचं, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. चौथ्या पिढीचं मशीन चकचकीत पुसून "आय ७" म्हणून विकतात, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) चढतं, आणि फक्त ब्राउझर वापरणाऱ्या आजोबांना ते पुरेसं आहे.

मराठी टाइप करायला वेगळा कीबोर्ड लागतो का?

नाही. विंडोजमध्येच मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही कळफलक आहेत, सेटिंगमध्ये भाषा जोडा.

मी स्वतः जोडू शकेन का?

हो. भाचीने अकरावीत असताना जोडला, मी फक्त बाजूला बसले होते. दुपार लागते. सुती कपडे घाला, उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगात स्थिर वीज साठते, म्हणून दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि तो अलगद ठेवा, दाबू नका. इंटेलच्या बोर्डात आणि एएम ५ मध्ये नाजूक पिना सॉकेटमध्येच असतात. एक वाकली की बोर्डाची वॉरंटी गेली.

सगळं लावलं, पंखे फिरतात, स्क्रीन काळी.

मॉनिटरची तार बोर्डात लावलीये का, कार्डात ते बघा. कार्ड असेल तर कार्डातच. मग प्रोसेसरजवळचा, वरच्या कोपऱ्यातला वेगळा पॉवर प्लग. मग रॅम काढून पुन्हा बसवा, दोन्ही बाजूंनी टक् वाजेपर्यंत. डीडीआर ५ चं नवं मशीन पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळंच राहतं, ते रॅम तपासत असतं. घाबरून बटण दाबू नका.

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करतो. हळदकुंकू लावलं तर चालतं ना?

जरूर लावा, बाजूच्या बंद पत्र्यावर. समोरच्या जाळीवर नको, पंखा ती पूड सरळ आत ओढतो. उदबत्ती दोन हात लांब, आणि फूल कॅबिनेटच्या वर ठेवाल तर वरच्या झरोक्यांवर नको. आमच्याकडे खंडेनवमीला सकाळी प्लग काढून मशीन गॅलरीत नेतात, भाची पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने धूळ झाडते, गाळणी धुऊन उन्हात वाळत घालते, आणि बाहेरच्या डिस्कवर वर्षाची प्रत काढून झाली की मग पाटावर मांडतात.